चारकोपच्या खोलीची आणि माझ्या आजाराच्या नावाची व्यवस्था

मी, सुलक्षणा जयवंत कांदळगावकर, वय सेहेचाळीस, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे कोणाच्याही धाकाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात माझे पोटाचे ऑपरेशन आहे. माझे दीर, बाळा सीताराम कांदळगावकर, राहणार माहुल, यांनी गल्लीत उभे राहून सांगितले आहे, "वेडीचं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाय." म्हणून आधी शुद्धीचेच लिहिते.

वकील नंदकुमार म्हणाले, "आजाराचा उल्लेख नको, बाई. समोरच्याला आयतं सापडेल."

मी म्हटले, "त्याला सापडून वर्षं झाली. तुम्ही लिहा."

तर, माझ्या आजाराचे नाव सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असे आहे. राग आला की मला अंगभर आग लागल्यासारखे व्हायचे, माणूस सोडून जाईल या भीतीने मी भिंतीवर डोके आपटायचे, स्वतःच्या हातांवर जखमा करायचे. लग्नानंतर सासरच्यांनी गावी नेऊन मला घाड्यापुढे, भुते उतरवणाऱ्या मांत्रिकापुढे बसवले. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि अंगातले बाहेर काढतो म्हणून वेताने पाठ सोलली. मी हलू नये म्हणून बाळाने माझे पाय दाबून धरले होते.

मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात डॉ. वनमाला भेटल्या आणि त्यांनी मला हे नाव दिले. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. अंगात कोणी नाही, मी मुद्दाम करत नाही, माझ्यासारखी इतर माणसे आहेत आणि ती सुधारतात, हे मला पहिल्यांदा कळले. दर सोमवारी मी त्यांच्याकडे गेले. आग पेटली की काय करायचे ते शिकले. हातावर नवी जखम झाली नाही. नावाचे हे उपकार मी विसरणार नाही.

पण ते नाव घरी आणले, ही गोष्ट माझ्या नवऱ्याच्या फार कामाला आली. गिरणी बंद पडल्यापासून जयवंत घरी बसून असे आणि मारत असे. त्याने माझी पाठ तव्याने भाजली, तर शेजारची माणिक म्हणाली, "तिचं असंच असतं. डॉक्टरनं सांगितलंय ना." त्याने केस धरून उंबऱ्यावर आपटले, दात पडला, तर चौकीवरचा हवालदार हसला. "बाई, तुमचं तर कागदावरच आहे. घरी जा, गोळी घ्या." एका नावाने माझे तोंड बंद झाले. मी खरे बोलले तरी तो आजार, ओरडले तरी आजार, गप्प बसले तरी आजार.

आता मिळकतीबद्दल.

चारकोपची खोली माझ्या नावावर, माझ्या पगारातून झालेली आहे. ती माझी मुलगी अनुपमा हिला द्यावी. जयवंतचा किंवा बाळाचा खोलीत काडीचा हक्क नाही. याच खोलीवरून दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रक्त सांडले, ते लिहिणे भाग आहे. मी मोरीशी बांगडे साफ करत होते. जयवंत म्हणाला, "खोली बाळाच्या नावावर कर. सही दे."

"नाय देणार."

"परत बोल."

"नाय देणार, मेल्या. तुझ्या बापाची हा काय?"

त्याने दारामागचा कोयता घेतला. मी वळले आणि वार पाठीत बसला. पुढचा खांद्यावर. अनुपमाने त्याचे मनगट दातांनी धरले, तेव्हा तिच्या उजव्या हाताची करंगळी तुटली. ती तशीच लोंबत असताना तिने मला ओढत दाराबाहेर काढले. मी माशांच्या पाण्यात आणि रक्तात घसरत होते.

इस्पितळात तरुण डॉक्टरने माझ्या हातांवरचे जुने वण पाहिले. बाळा त्याच्या कानाशी लागला, "ही स्वतःच कापते. पोरीचं बोट पण हिनंच उडवलं." अनुपमा किंचाळत होती, "बाबांनी केलं!" पण पोलिसांनी लिहून घेतले की मुलगी आईने शिकवलेली आहे. दुसऱ्या दिवशी डॉ. वनमाला आल्या. त्यांनी मला पालथे केले, फौजदाराला जवळ बोलावले आणि विचारले, "खांद्यापासून कमरेपर्यंत. तुम्ही स्वतःला असं मारून दाखवा." मग त्या म्हणाल्या, "आजाराचं नाव मी दिलं. ही खोटं बोलते, असं मी कधी म्हटलं नव्हतं." जयवंतला शिक्षा झाली. तो अजून आत आहे.

माझे मंगळसूत्र मोडून त्या सोन्याचे अनुपमाला कानातले करावे. जयवंतने ते पिळून माझा गळा आवळला होता, म्हणून गळ्यात घालायचे काही करू नये.

शिलाई मशीन शेजारीण शकु भीमराज वाघमारे हिच्या मुलीला. कोर्टात माझ्या बाजूने बोलायला साऱ्या गल्लीतून शकु एकटी आली. तिच्या नवऱ्याने त्यासाठी तिलाही मारले, तरी आली.

माणिकला काही नाही. तिने नंतर माझे पाय धरले, मी तिला उठवले, चहा दिला. पण काही नाही.

कोर्टातून परत मिळालेले माझे पोलके, पाठीवर फाटलेले, न धुता बाळाला पोचवावे.

शेवटचे अनुपमाबद्दल. मागच्या महिन्यात, ती कामाला जाते त्या कारखान्यातल्या मुकादमाने तिच्या अंगाला हात लावला. तिने त्याचे डोके लाकडी खोक्यावर आपटून फोडले. बाळा सगळीकडे सांगत सुटला आहे की आईवर गेली, तिलाही तेच आहे. मी जाहीर करते की माझा आजार ही वारसाहक्काने वाटायची वस्तू नाही. अनु, तुला स्वतःला आतून असह्य झालं, तर लाजू नकोस, डॉक्टरकडे जा, नाव मिळालं तर घे आणि बरी हो. पण दुसऱ्या कोणी तुझ्यावर ते फेकलं, तर त्याला विचार, तू कोण रे? एवढं मला विचारता आलं असतं, तर पाठ वाचली असती.

हे सर्व मला वाचून दाखवले. मला समजले. बरोबर आहे.

ठिकाण: चारकोप, कांदिवली
दिनांक: १४ मार्च १९८९

सही: सुलक्षणा ज. कांदळगावकर

साक्षीदार:

१. धोंडिराम शिवदास मोरे, राहणार चारकोप. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. डॉ. वनमाला रेगे, राहणार बोरिवली. वर लिहिलेले निदान माझेच आहे. मृत्युपत्र सांगताना बाई अनेकदा चिडल्या आणि एकदा रडल्या. मी समोरच बसले होते. प्रत्येक वेळी कारण रास्त होते.