अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

घाटकोपर, ३ जानेवारी १९८५

ती. सहदेवदादास,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

भुसावळला थंडी असेल. आईने विणलेला स्वेटर घाल, शोभेला ठेवू नकोस. इकडे सगळे ठीक, फक्त तुझ्या फुटबॉल क्लबची वाट लागली आहे.

मंडळाचे अध्यक्ष माणिकराव म्हणतात, स्थापनेपासून एकही सामना न जिंकलेला क्लब कशाला पोसायचा? वीस तारखेला मुलुंडशी सामना आहे. जिंकलो नाही तर मैदानावर बॅडमिंटन. मी त्यांना सगळा इतिहास ऐकवला. तू गणपतीच्या मंडपाचे बांबू रोवून गोल उभे केलेस, भाद्रपदात मंडळाने ते परत नेले, पोरं महिनाभर गोलाशिवाय खेळली आणि तेवढा एकच महिना हरली नाहीत. ते हसले, पण बधले नाहीत.

आमच्या ह्यांना रुंदी बघून तूच गोलकीपर केलंस. काळजीने ते तिसरी भाकरी नको म्हणतात. काहीतरी सुचव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसा असू दे.
तुझी,
सुगंधा


भुसावळ, ९ जानेवारी

चि. सौ. सुगंधास अनेक आशीर्वाद.

रजा मिळत नाही. मुंबईतली खोली बदलीबरोबर गेली. आता हा क्लबही गेला तर तिथे माझं म्हणावं असं काय राहील गं?

खेळावर आपला भरवसा नाही, तेव्हा देवाला सांगू. सामन्याआधी बाळाकाकांना आपल्या कोकणातलं गाऱ्हाणं घालायला सांग. पोरांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मात्र काकांना आवर. तुझ्या लग्नात ते गावच्या एकेका देवाला हाक मारत बसले आणि भटजींना डुलकी लागली. मुलुंडवाल्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर तेही एखादा काका आणतील.

दशरथरावांना म्हणावं, बॉलकडे बघा, सुगंधाकडे घरी बघता येईल.

सगळे जपून राहा.
तुझा,
दादा


घाटकोपर, २१ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

जिंकलो. कसे ते वहिनीखेरीज कुणाला सांगू नकोस.

काकांनी नारळ घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. आपली पोरं 'व्हय म्हाराजा' म्हणाली, तर मुलुंडची पोरं त्याहून मोठ्याने. सगळी मालवण-कणकवलीचीच निघाली. काका अजून वेशीवरच्या देवापाशीच होते, तोच रेफरीने शिट्टी मारली. अर्धं गाऱ्हाणं देवाला चालत नाही म्हणत काका फुगून बसले.

सामना संपत आला तरी गोल नाही. अशात मुलुंडचा एक पोरगा बॉल घेऊन एकटाच आपल्या गोलासमोर, आणि आमचे हे घसरून आडवे. नेमकं तेव्हाच काकांना उरलेलं गाऱ्हाणं आठवलं. त्यांनी उभं राहून 'बा देवा म्हाराजा' अशी हाक घातली.

दादा, सवय ती सवय. तो पोरगा जागीच थांबला आणि त्याने हात जोडले. ह्यांनी आडव्या आडव्याच जोडले. दोन्ही संघ देवळात असल्यासारखे उभे. रेफरी सावंतवाडीचा, त्यानेही डोळे मिटले.

राहिला आपला नवा सीताराम. तो जालन्याचा, त्याला यातलं काही ठाऊक नाही. सगळे का थांबले ते त्याला कळेना. समोर बॉल दिसला, तो घेऊन मैदानभर पळाला आणि गोल करून आला. अडवणार कोण? सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते.

मुलुंडवाले भांडले. रेफरी म्हणाला, शिट्टी वाजली नव्हती, आणि भर गाऱ्हाण्यात झालेला गोल रद्द करायची आपली छाती नाही. माणिकरावांनी बॅडमिंटनची जाळी मुकाट परत पाठवली. तुझा क्लब आहे तिथेच आहे दादा, सवडीने येऊन बघून जा.

संध्याकाळच्या बैठकीत एकमताने ठराव झाला: सीतारामला गाऱ्हाणं कुणीही समजावून सांगायचं नाही.

पत्राची वाट बघते, धाकट्या बहिणीवर लोभ असू दे.
तुझी,
सुगंधा