कॅसेटच्या शेवटाला भरलेले गाणे

मी, खाली सही करणारी झुलेखा महबूब होडेकर, वय वर्षे अडुसष्ट, मूळ गाव दाभोळ खाडीकाठी, सध्या राहणार रिग्गई, कुवेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट मुलगा साकिब म्हणतो, थायरॉईडच्या ऑपरेशनसाठी कोणी मृत्युपत्र करतं का? डोके ठिकाणावर आहे. येत्या रविवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता मला दाखल व्हायचे आहे. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. डॉक्टर म्हणाले, आवाज बसू शकतो, आणि या वयात भूल दिल्यावर आणखीही काही होऊ शकते. ते ‘आणखीही काही’ मनातून जात नाही, म्हणून हा कागद.

१. गावचे घर, आंब्याची सात कलमे आणि दागिने शरियतप्रमाणे वाटले जावेत. त्यात माझे मत चालत नाही, आणि बरे आहे. शरियतप्रमाणे ज्या एक तृतीयांश हिश्श्यावर माझा अधिकार चालतो, त्यात पुढच्या वस्तू सहज बसतात.

२. घावन्यांचा बिडाचा तवा सून नाझियाला. त्याला साबण लावू नये.

३. माझ्या गाण्यांच्या तीन कॅसेटी आणि गाण्यांची वही नात हिनाला. हिना सोळा वर्षांची आहे, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिला आणि पुढे वाचणाऱ्यांना माहीत असावे म्हणून लिहिते. मी लग्न होऊन १९८१ साली कुवेतला आले. तेव्हा फोन महाग, आणि पुष्कळांना लिहिता येत नसे. माणसे कॅसेटमध्ये बोलून ती गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवत. अब्बासियाच्या आमच्या इमारतीत एका खोलीत सहा-सहा पुरुष राहत, म्हणून बोलायला ते आमच्या स्वयंपाकघरात येत आणि दार लावून घेत. तासाभराच्या कॅसेटीत माणूस चाळीस मिनिटांत संपतो. उरलेली पट्टी कोरी पाठवायला जीव होत नसे. मग दार उघडून म्हणत, “भाबी, शेवटाला एक गाना भरा.”

मी भरत असे. आधी लग्नात बायका म्हणतात ती, मग स्वतः रचलेली. दुसऱ्यांच्या निरोपांमागे माझी गाणी गावोगाव गेली आणि तिकडून मागणी येऊ लागली. ते ऐकून मिरकाबचे कॅसेटवाले झहूरशेठ घरी आले.

४. झहूरशेठ आता हयात नाहीत, अल्लाह त्यांना माफ करो. मी अजून केलेले नाही. १९८४ ते १९८९ या काळात त्यांनी माझ्या तीन कॅसेटी काढल्या. वर गुलाबाचे चित्र, नाव ‘कुवेतची भाबी’. नाव-फोटो नको हे माझ्या यजमानांचे म्हणणे होते, ते मी मानले. पण खाली ‘गीत: पारंपरिक’ असे छापले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पारंपरिक नव्हते. हिनाने ही गाणी इंटरनेटवर वा आणखी कुठे ठेवली तर गीत, चाल आणि आवाज यांपुढे माझे पूर्ण नाव घालावे.

५. सॅक्सोफोनचे माझ्याकडे राहिलेले पितळी टोपण गोव्यात आग्नेलच्या मुलीकडे पोचवावे. आग्नेल इथल्या हॉटेलच्या बँडमध्ये जाझ वाजवायचा. माझ्या तिन्ही कॅसेटींत मागे सॅक्सोफोन आहे तो त्याचा. आमच्यात पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिचे उत्तर द्यायचे, ही लग्नातल्या बायकांची जुनी रीत; त्याच्या ब्लूज गाण्यांतही तीच. त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाद्य खाली ठेवले आणि विचारले, “बाय, तुका ब्लूज कोणी शिकयलो?” मी म्हटले, आमच्या फुफूने, म्हणजे आत्याने.

६. कपाटात वरच्या खणात, स्कार्फात गुंडाळलेली एक निळी कॅसेट आहे. ती माझ्या पश्चात गावी खाडीपलीकडे राहणाऱ्या जमिला गफूर यांना द्यावी. ती माझी नाही. पस्तीस वर्षे माझ्याकडे आहे.

जमिलाचा नवरा गफूर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा, काँक्रीटची मिक्सर-गाडी चालवायचा. १९९० च्या जुलैत तो आमच्याकडे येऊन कॅसेटीत बोलून गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी बाहेर तांदूळ निवडत होते. ऐकायचे नव्हते, पण त्याने आवाज चढवला आणि तीन शब्द दारातून आले: “वाट बघू नको.” त्याच्या आधी काय होते, नंतर काय, माहीत नाही. ईदला येणार नव्हता म्हणून म्हणाला, की कधीच येणार नव्हता म्हणून, तेही माहीत नाही. बाहेर येऊन त्याने कॅसेट दिली आणि म्हणाला, शेवटाला भरा. मी वाट बघण्याचेच गाणे भरले. “दार उघडा ठेवलाय, वारा येतो, तू येत नाय.” त्या दिवशी गळा असा लागला की पुढे कधी लागला नाही.

कॅसेट २६ जुलैला गावी निघालेल्या तौफीकबरोबर जायची होती. मी दिली नाही. आग्नेलला ते गाणे म्हणून दाखवले तेव्हा तो म्हणाला होता की ते नव्या कॅसेटीत पहिले घेऊ, त्याची नक्कल करून ठेव; ती करायची राहिली होती. गफूरने विचारले तेव्हा म्हटले, “पाठवली.” पुढच्या गुरुवारी इराकी फौज आली. गफूर जॉर्डनकडे निघालेल्या एका ट्रकमध्ये बसला. तो ट्रक पोचला, गफूर त्यात नव्हता. आम्ही बसरा, बगदाद, अम्मान करत मुंबईला पोचलो. सहा वर्षांच्या साकिबच्या दप्तरात ती कॅसेट होती.

त्या हिवाळ्यात जमिला तरीने आमच्या काठावर आली. दहा मिनिटांचे पाणी. ओटीवर बसून विचारले, “भाबी, त्याने माझ्यासाठी काय दिलंय का?” मी नाही म्हटले. हो म्हटले असते तर जुलैपासून का ठेवली, हे सांगावे लागले असते. ९२ साली आम्ही परत कुवेतला आलो. जमिलाने दुसरे लग्न केले नाही. मी पुन्हा रेकॉर्डिंग केले नाही. लोकांना वाटते यजमानांनी बंद केले. त्यांच्यावर हा आळ नको.

गेल्या आठवड्यात टेप दुरुस्त करणाऱ्या लवू मेस्त्रीला बोलावून कॅसेट उघडून घेतली. त्याने आतला पॅड बदलला, पट्टी बघितली आणि म्हणाला, “बाय, एकदा वाजात. दुसऱ्या खेपेचो भरवसो नाय.” हिना म्हणते, एकदाच वाजवू आणि फोनवर घेऊ, “बट दादी, दिस इज हिस्टरी.” मी वाजवू दिली नाही.

७. जमिला माझ्याआधी गेल्यास सदर कॅसेट

हे वाक्य मला पुरे करता आले नाही. तीनदा लिहायला घेतले. ती सहासष्ट वर्षांची आहे, तिला साखर आहे. शेवटी पेन ठेवले आणि फोन केला. सगळे एका दमात सांगितले, कारण थांबले असते तर ठेवून दिला असता.

तिच्या मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग म्हणाली, “तू ऐकलीस?”

“नाय.”

“खरं बोल, भाबी.”

“दारातून तीन शब्द ऐकले.”

“ते सांगू नको. त्याचं त्याला सांगू दे.” मग म्हणाली, “टेप हाय माझ्याकडे. दर ईदला सेल बदलते. चालू हाय.”

मी म्हटले, उद्याच कोणाबरोबर तरी पाठवते.

“तुझ्या पाठवण्यावर माझा भरवसा नाय. तू घेऊन ये.”

८. सबब कलम ६ आणि अर्धे राहिलेले कलम ७ रद्द समजावे. ऑपरेशन मी पुढे ढकलले आहे. डॉक्टर रागावले, साकिब बोलत नाही. उद्याच्या विमानाने हिना आणि मी निघतो. पट्टी वाटेतच तुटेल या भीतीने स्कार्फ दोनदा सोडून पाहिला.

९. मी वाटेत गेले तर हिनाने थांबू नये. आधी कॅसेट खाडीपलीकडे पोचवावी, मग माझे बघावे. वाजवताना जमिला नको म्हणाली तर फोन बंद ठेवावा. गफूर आधी येतो, माझे गाणे शेवटाला. मधेच मागे फिरवून तिने त्याला पुन्हा ऐकायचे म्हटले तर हिनाने लवूचे बोलणे तिला सांगू नये. फिरवू द्यावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: झुलेखा महबूब होडेकर

आमच्यासमोर सही केली:

१. लवू हरिश्चंद्र मेस्त्री, अब्बासिया. कॅसेट मी उघडली, ऐकलेली नाही.

२. योगिनी मुकेश तांबे, शेजारीण, रिग्गई.

ठिकाण: रिग्गई, कुवेत
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५