सुतळीचा कोपरा

बाबा, आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला सांगून काही उपयोग नाही. पण ज्याच्यावर ओरडावं असं दुसरं माणूस मला सापडत नाही, म्हणून लिहिते आहे. चूक माझी आहे हे आधीच लिहून टाकते. ती माझी एकटीची आहे का, हे मला गेला आठवडाभर ठरवता आलेलं नाही.

मी एक जुनी व्हॅन घेतली. शाळेची मुलं नेणारी होती. आतली बाकं काढून दोघींना झोपता येईल असा पलंग बसवला, एका बाजूला शेगडी, खाली पाण्याची टाकी. कॉलेजातले लोक हसले, पण मे महिन्याच्या सुट्टीत मी आईला समुद्र दाखवणार होते. तिला समुद्र बघायचा आहे हे तुम्हाला माहीत होतं. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, लगनसराई झाली की जाऊ. लगनसराई संपली की मंडपाचे पाल धुवायचे असायचे, ताडपत्र्या वाळवायच्या असायच्या, सतरंज्यांना ऊन द्यायचं असायचं. सगळ्या यवतमाळच्या लग्नांत तुमच्या बिछायत केंद्राचा मंडप, आणि आमची आई त्याच्या मागच्या खोलीत कनातींना ठिगळं लावते आहे. चाळीस वर्षं. एकदासुद्धा तुम्हाला लाज वाटली नाही?

गाडीच्या सरकत्या दाराबाहेर छत हवं होतं. आपल्याकडच्या उन्हात दुपारी पत्र्याच्या गाडीत माणूस बसू शकत नाही. दांडा फिरवला की आपोआप उलगडणारं तयार छत मी आधी पाहिलं. फार सुबक होतं, पण ते बसवायला गाडीच्या अंगाला भोकं पाडावी लागतात आणि त्याचं सगळं वजन त्या भोकांवर येतं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, पत्रा पातळ हाये, एका वर्षात झोल येईन." निळी ताडपत्री खाली ऊन कोंडते आणि वाऱ्यात इतकी फडफडते की बोलणं ऐकू येत नाही. जाड कॅनव्हास भिजला की दोन बायकांना उचलणार नाही. शेवटी वरून लेप दिलेलं राखाडी कापड घेतलं आणि तुमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या शिवणाऱ्या भाऊंकडून शिवून घेतलं. दाराच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त, चार कोपऱ्यांना पितळी रिंगा, मागची बाजू टपावरच्या कॅरियरला बांधायची आणि पुढे दोन नळ्या उभ्या करून खुंट्यांना ताण द्यायचा. पाणी साचू नये म्हणून पुढची एक नळी थोडी आखूड. हे सगळं मी वहीत आकृती काढून ठरवलं होतं. भाऊ आकृती बघून म्हणाले, "बाबाची पोरगी शोभता बा." मला ते आवडलं नाही.

छत घरी आणलं तेव्हा पिशवीत कापडाबरोबर हातभर सुतळी होती. ती बांधाबांधीतली उरलेली सुतळी नव्हती, नीट कापून, पीळ देऊन ठेवलेली होती. ती कशासाठी आहे हे मला पाहताक्षणी कळलं. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नेरचं ते लग्न तुम्हाला आठवत असेल. मी पंधरा वर्षांची आहे. तुमचा एक माणूस आलेला नाही आणि तुम्ही मला ट्रकमध्ये बसवून नेलं आहे, भांडी मोजायला. दुपारी तुम्ही बल्लीवरून, मंडपाच्या लाकडी खांबावरून ओरडता, "तो कोपरा बांध वं, उभी काय राह्यली!" पश्चिमेचा कोपरा होता. वाऱ्याच्या अंगाचा. लहानपणापासून मी तुम्हाला माणसांना सांगताना ऐकत आले होते की तीन कोपरे काथ्याच्या दोरानं आवळायचे आणि वाऱ्याच्या अंगाचा एक सुतळीनं बांधायचा. "वाऱ्याले रस्ता देल्ला पाह्यजे, नाही त थो बल्ल्या घेऊन जाते." मी सुतळीनं बांधला. तुम्ही वरून पाहिलं. तुम्ही पाहिलं हे मी शपथेवर सांगेन, कारण तुम्ही मान हलवली होती.

दुसरी पंगत बसली आणि वावधान आलं, धुळीचं वादळच. सुतळी तटकन तुटली, पाल उलटला, आणि गावाची सगळी धूळ वरणात, भातात, बुंदीत. पण एक बल्ली हलली नाही. कोणाला खरचटलंही नाही. नवरीचे वडील धावत आले आणि ओरडले, "कोणं बांधलं हे?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट केलं. "पोरीनं बांधलं साहेब. पोरीच्या हाती देल्लं, माहीच चूक झाली. सुतळीनं बांधते का कोणी मंडप?" लोक हसले. नवरीचे वडीलसुद्धा हसले आणि प्रकरण तिथंच मिटलं. तुमचं काम झालं. मी हातात बुंदीची परात घेऊन उभी आहे आणि वाढपी मला म्हणतो आहे, "बाजूले सरक वं सुतळीबाई, अजून काही सोडशीन."

ते नाव ट्रकमधून आपल्याआधी घरी पोचलं. गल्लीत, शाळेत, मामाकडे. मी वाळलेली होतेच, त्यामुळे बसलंही छान. तुम्ही स्वतः मला त्या नावानं हाक मारायचात, "सुतळे, चहा आण." मी एम.ए. झाले तेव्हा पाहुण्यांना म्हणालात, "आमची सुतळी प्रोफेसर होते आता." लाडानं म्हणत होतात, हे मला कळत होतं. म्हणून तर मला कधी भांडता आलं नाही. लाडानं मारलेल्या हाकेवर कोण भांडतं? मी फक्त पुढे आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दुहेरी गाठीनं बांधली. सामानाची खोकी, वह्यांचे गठ्ठे, पडदे.

छतही तसंच बांधलं. घाटंजीकडे माझ्या एका मैत्रिणीचं शेत आहे, तिथं समुद्राआधीची तालीम म्हणून आम्ही दोघी एक दिवस गेलो. चारही कोपरे नायलॉनच्या दोरीनं, दोन-दोन गाठी, लोखंडी खुंट्या माथ्यापर्यंत ठोकलेल्या. आई खाली खुर्ची टाकून बसली, कांदा चिरत होती आणि म्हणत होती, "थंडगार वाटून राह्यलं वं. तुह्या बाबानं कधी आपल्याले सावली नाही घातली." आम्ही दोघी हसलो. त्या वेळी मी खरोखर सुखात होते.

वारा तीनच्या सुमारास आला. कापडानं पोट फुगवलं. मी वाट पाहत होते की कुठंतरी काहीतरी सैल पडेल, आणि काहीच सैल पडेना. कॅरियर वाकलेला मी डोळ्यांनी पाहिला. मग एक नळी खुंटीसकट उपसून निघाली, गरकन फिरली, आणि आईनं तोंडासमोर हात धरला. हात धरला म्हणून मनगटावर भागलं. धरला नसता तर, हे वाक्य मी रोज अर्धवट सोडते.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना फोन करून वाट्टेल ते बोलले. शिवण कच्ची, रिंगा हलक्या. ते बिचारे सायकलीवर आले, कापड पसरलं, चारी रिंगांवरून अंगठा फिरवला. एकही रिंग उसवली नव्हती. "ताई, म्या सुतळी देल्ली होती ना संगं. कुठं गेली?" मी म्हटलं, टाकली. त्यांनी विचारलं, "काहून?" मी कापडाची घडी घालू लागले. माफी मागितली, तीही धड नाही.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "नेरले त तूनं बराबर बांधलं होतं." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? "तुह्या बाबानंच. घरी आल्यावर जेवता जेवता म्हणे, पोरीनं सुतळी लावली म्हणून वाचलो, नाही त बल्ली पंगतीत पडती. चार माणसं गेली असती, म्हणे."

मग मला काहून नाही सांगितलं?

"मी म्हटलं होतं त्याइले. तं म्हणे, आता सांगतलं त डोक्यावर बसन."

आणि तू? तू का नाही सांगितलंस?

"मले वाटलं, तुले माहीतच असन," आई म्हणाली. "तूच त बांधलं होतं."

मी तिच्यावर ओरडले, बाबा. प्लास्टर घातलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईवर. इतकी वर्षं तुम्ही दोघं हे मनात ठेवून बसला होतात, आणि एक वाक्य, एक साधं वाक्य तुमच्याच्यानं बोलवलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले आणि ती शांतपणे म्हणाली, प्लास्टर निघालं की जाऊ आपण, दिवाळीत जाऊ, तवर समुद्र कुठं जाते? तुमच्यासारखीच पुढची तारीख तिनं दिली. पण या वेळी ती माझ्यामुळे द्यावी लागली. हे मी तुमच्या नावावर टाकू शकत नाही, आणि टाकायचा मोह मात्र रोज होतो. सुतळी मी टाकली. ती टाकणारी मुलगी तुम्ही केलीत. या दोन्ही वाक्यांतलं एकही मला खोडता येत नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, वहीतच राहील. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. आई ते म्हणाली तेव्हा मला राग आला, पण तो नंतर आला. आधी, ओरडायच्या आधी, क्षणभर मला फार बरं वाटलं. आईचा हात माझ्यामुळे मोडला होता, ती समोर पडून होती, आणि तुम्ही माझ्याबद्दल जेवताना चांगलं बोलला होतात एवढ्यानं मला बरं वाटलं. मी तिला ते वाक्य परत म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही असं सांगून.