करवंदीच्या जाळीपलीकडचा कडा

माय, तू मला दवाखान्याच्या दारात का मारलंस, ते मला या उन्हाळ्यात कळलं. तुला जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

आम्ही चार-पाच शिक्षक मिळून घाटाच्या कडेकडेनं सहा दिवस चालायची एक पायवाट आखतो आहोत, बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी. कुठं किती चढ, कुठं उतार, पाणी कुठं मिळेल, ही माहिती जमवायचं काम माझ्याकडे आहे. मोबाइलवर वाटेची उंची आपोआप निघते. बोथ्याच्या जंगलातल्या एका तुकड्यावर त्यानं साधा उतार दाखवला. जुन्या सरकारी नकाशावर मात्र तिथंच समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी शाळेत भूगोल शिकवते. रेषा चिकटल्या की कडा समजायचा, हे पोरींना दर वर्षी सांगते. खरं कोणतं, ते पाहायला जावंच लागलं. गेले, आणि मोहाचं ते झाड पाहून माझे पाय थांबले.

मी नऊ वर्षांची आहे. तू, मावशी आणि मी तेंदूपत्ता तोडतो आहोत. मावशी एका झुडपावर वाकते आणि मागून अस्वल उठतं. एकाच पंजात तिचा गाल फाटतो. तू कुऱ्हाड घेऊन धावतेस, त्याच्या खांद्यावर घालतेस, पुन्हा घालतेस. पातं केसांत अडकतं, रक्त तुझ्या दंडापर्यंत उडतं. "वर पळ!" तू माझ्यावर ओरडतेस. मी पळते, पण खाली, कारण खाली पळणं सोपं असतं. मग तुझा हात माझ्या वेणीत. तू मला फरफटत परत आणतेस, मोहाच्या बुंध्यावर आपटतेस आणि पुन्हा कुऱ्हाड उचलतेस. तोवर अस्वल मावशीच्या छातीवर बसलेलं असतं. तू त्याच्या नाकाडावर घाव घालत राहतेस. ते निघून गेल्यावरही मातीवर घालत राहतेस.

खामगावच्या दवाखान्यात मावशीला आत नेलं. तिचा एक डोळा गेलाच होता. तू बाहेर आलीस आणि मला मारायला लागलीस. आधी थपडा, मग बुक्क्या. "पळाली काऊन? सांग, काऊन पळाली?" माझा ओठ फुटला तरी तू थांबली नाहीस, शेवटी दोन बायांनी तुझे हात धरले. मावशीला टाकून पळाले म्हणून मारतेस, असंच मला वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही, आणि तूही कधी बोलली नाहीस. त्यानंतर अकरा वर्षं आपण एका घरात कामापुरतंच बोललो.

यंदा मी त्या मोहापासून खाली निघाले. समोर करवंदीची जाळी होती. आमच्यातले एक सर पालथं पडून जाळीतून डोकावले आणि झटकन मागं सरकले. "बाई, पुढं नका येऊ बाप्पा! खाली काहीच नाई!" मी परत मोहापर्यंत पावलं मोजली. चाळीस. त्या दिवशी माझ्या पोटऱ्यांत करवंदीचे काटे घुसले होते, घरी आल्यावर तूच ते सुईनं काढलेस. म्हणजे तू मला अगदी जाळीत धरलं होतंस. चाळीस पावलं जाताना आणि चाळीस येताना मावशी त्या जनावराखाली एकटी होती.

मावशी आता मेहकरला लेकाकडे असते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय. तुही माय मले सोडून जाताना दिसली नं मले. डोळा तवा व्हताच."

"मावशी, कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तिनं मले इचारलं नाई. इचारलं असतं, तं म्या जा म्हनलं असतं का, ते मले अजून समजलं नाई, बाई."

पायवाटेच्या माहितीत मी लिहिलं आहे की इथं कडा आहे, वाट वरच्या अंगानं न्यावी. बाकी काही कोणाला सांगितलं नाही, आणि हे कागदही माझ्या वहीतच राहतील. एक मात्र कबूल करते. तू गेलीस त्या दिवशी सगळे मला आत बोलावत होते, मायचं तोंड पाहून घे म्हणत होते. मी चुलीपाशीच बसून राहिले. आंघोळीचं पाणी तापायचं आहे, म्हटलं. पाणी केव्हाचं उकळत होतं.