तक्रार विभागातला आवाज

५ जून
पडद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई आज एका गिऱ्हाईक बाईसमोर म्हणाल्या, "आमच्या ह्या किती शांत! कधी आवाज चढत नाही." डोंबलाची शांत! ती गिऱ्हाईक बाई स्वतःच चुकीचं माप देऊन गेली होती, वर शिवलेले पडदे माझ्याच अंगावर फेकले. आणि मी काय म्हटलं? "आपला त्रास मी समजू शकते." खड्ड्यात जावो ती आणि तिचे पडदे!

विमा कंपनीच्या तक्रार विभागात सहा वर्षं फोनवर शिव्या खाऊन हेच वाक्य म्हटलं. आवाज चढला की पगार कापायचे. ती नोकरी मार्चमध्ये सुटली. आवाज काही सुटत नाही.

७ जून
झोपले. उठले. दमलेलीच!

९ जून
नवरा म्हणतो, "आता फोन नाहीत, साहेब नाही, सहाला घरी येतेस. मग आता काय झालंय?" मला काय झालंय हे मलाच कळलं असतं, तर तुझी बडबड ऐकत बसले असते का रे? — हे फक्त इथे. तोंडाने म्हटलं, "तुझं म्हणणं बरोबर आहे."

१२ जून
भुंगा — आमची लेक. सतत कानाशी गुणगुणते म्हणून भुंगा — शाळेतून रडवेली आली. मैत्रिणींनी खेळायला घेतलं नाही. सगळं सांगून झालं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला त्रास झाला याचं वाईट वाटतं. अजून काही सांगायचंय?"

बघतच राहिली माझ्याकडे. मग बाबाकडे गेली.

जवळ घ्यायला हवं होतं. हातच उचलला गेला नाही. त्या विमा कंपनीने पार चोथा करून घरी पाठवलं मला. माझ्या पोरीच्या वाटणीचंही ओरपलं हरामखोरांनी!

१३ जून
मालकीणबाई म्हणाल्या, "ध्यान करत जा." घरी एक ध्यान आहे, तेवढं पुरे.

१७ जून
भुंगा आता मला काहीच सांगत नाही. आज दाराआडून ऐकलं, बाबाला म्हणत होती, "तिला नको सांगूस. ती दुकानातल्या बाईसारखं बोलते."

नवरा सारवासारव करायला आला. मी म्हटलं, "काही हरकत नाही." काही हरकत नाही! पोरीने मला परकी ठरवलं आणि काही हरकत नाही! आग लागो या जिभेला.

२० जून
दुरुस्तीला घरी आणलेला गिऱ्हाइकाचा पडदा भुंग्याने कात्रीने उभा फाडला. मुद्दाम. माझ्याकडे बघत बघत!

"अगं भवाने, काय केलंस हे! अक्कल गहाण टाकलीस का?" — असं किंचाळले की नवरा तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर धावला. भुंग्याने कात्री टाकली. हुंदके देत माझ्या कमरेला मिठी मारली. सोडेचना.

म्हणाली, "ओरड ना अजून."