डब्यातली बर्फाची लादी

मंगळवार, संध्याकाळ. मार्गासनी.

आम्ही दोघं पुण्याहून आठवड्यानं दुपारी परतलो. उन्हानं जीव नकोसा झालेला, म्हणून आधी एस्प्रेसो काढली, ग्लासात गार दूध ओतलं आणि बर्फासाठी फ्रीझर उघडला. जाताना मी बर्फाचे तुकडे डब्यात भरून गेले होते. आता डब्यात एकच लादी. म्हणजे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं.

"आई, लाईट गेली होती का?" सासूबाईंना विचारलं.

"न्हाई गं. म्याच फ्रिज बंद केलता. एकटीला कशाला त्याची घरघर? काल तुजा फोन आला, तवा लावला. तुज्या कॉफीला बर्फ नगं व्हय?" त्या हसल्या.

फ्रिजच्या दारात त्यांचं इन्सुलिन होतं. इतक्या उन्हात, बंद फ्रिजमध्ये. आणि रोज त्या तेच टोचून घेत होत्या.

साखर तपासली. मशीनवरचा आकडा लिहवत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, नवीन इन्सुलिन लगेच आणा, पण ग्लानी आली तर थांबू नका, दवाखान्यात घेऊन या. हे नसरापूरला गेलेत, अजून आले नाहीत. काल फोनवर मी बर्फाचंच का बोलले, इन्सुलिनचं का नाही विचारलं?

कॉफी ओट्यावर तशीच आहे. लादी फोडायला हात धजत नाही.

दुपारपासून आई सारखं पाणी मागत होत्या. मला वाटलं, ऊन आहे. पण हे लिहायला बसल्यापासून एकदाही मागितलं नाही.

हाक मारली. आतून नुसतं "हूं" आलं.

वही ठेवते. शेजारचा टेम्पो बोलावते.