पालक, पाल्य आणि माझा चष्मा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावर जेवढं वाकता येतं तेवढाच.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींची नवी कवळी बसली का, की अजून खिशातच असते? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मला कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. घाबरू नकोस, सविस्तर लिहितो.

आमच्या बारकीला पूल बांधायचं शिकायचंय, हे तुला ठाऊक आहेच. बारावीला पोरीने घसघशीत गुण आणले, पण फी ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर जो बसलो तो गिऱ्हाइकाने हलवेपर्यंत उठलो नाही. तेवढ्यात कळलं की सरकारने एक कक्ष उघडलाय. काय शिकायचं, कुठे शिकायचं, फी कुणी भरायची, सगळं एकाच अर्जात. बारकी म्हणाली, अर्ज मी भरते. मी म्हटलं, तुझा बाप अजून धडधाकट आहे. (इथेच माती खाल्ली.) नेमका माझा चष्मा मी एका गिऱ्हाइकाला नमुना म्हणून घालायला दिला होता आणि ते गृहस्थ तो घालूनच निघून गेले होते. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणारा मी, 'पाल्याचे नाव' तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि 'पालकाचे नाव' तिथे बारकीचं. गुणपत्रिका तिची, नाव माझं. अर्ज तडकाफडकी मंजूर झाला.

चूक सांगायला गेलो, तर दोन नंबरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पाल्याने यायचं नाही, पालकांना पाठवा. बारकीला पाठवलं. तिला सांगितलं, आधी पाल्याचं समुपदेशन, मग दुरुस्ती. मग मला एका खोलीत बसवून एका तरुण साहेबांनी मायेने विचारलं, "मोठेपणी काय व्हायचंय?" मी त्रेपन्न वर्षांचा. म्हटलं, "निवृत्त." त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याचा अभ्यासक्रम कुठे आहे ते यादीत शोधत बसले. नंतर कल चाचणी म्हणून रंगीत ठोकळे लावायला दिले. निकाल आला की मुलगा कष्टाळू आहे, पण त्याला चष्म्याच्या धंद्यात घालू नये. (हा कागद बारकीच्या आईने दुकानाच्या दर्शनी काचेवर चिकटवलाय.) बारकीच्या तर पालकपण अंगातच आलंय. काल मी बातम्या बघत होतो, तर टीव्ही बंद करून अभ्यास झाला का म्हणून विचारलं.

शेवटी खिडकीतल्या बाईंनाच दया आली. म्हणाल्या, जागा बारकीच्या नावावर करता येईल, पण अर्जातल्या पाल्याच्या, म्हणजे माझ्या, पालकाची सही लागेल. बारकीने सही केली, तर संगणक म्हणतो, पालकाचे वय पाल्यापेक्षा जास्त हवे. (ही अक्कल त्याला आधी का सुचली नाही, ते विचारायची खिडकी वेगळी आहे.) गुरुवारी मुदत संपते, मग जागा गेली. चूक माझी आणि वर्ष पोरीचं. ती मला बोलत नाही, उलट हसते, आणि तेच मला फार लागतं.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ
(कागदोपत्री पाल्य)

ता. क. : गुरुवारी सकाळच्या गाडीने ये आणि सही कर. आई गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच सही करायचीस. मला शाळेत धाडायचं म्हणून तू सातवीतून घरी बसलीस. तेव्हा पालक म्हणून तुझं नाव घालण्यात काडीचंही खोटं नाही. गुडघ्याची सबब चालणार नाही, बाई खिडकीशी खुर्ची ठेवणार आहेत.

ता. क. २ : चष्मा परत आला. गिऱ्हाईक म्हणतं, यातून नीट दिसत नाही.

ता. क. ३ : ज्यांची शाळा अर्धवट राहिली त्यांच्यासाठीही त्या कक्षात एक अर्ज मिळतो. आणून भरून ठेवलाय. पालक म्हणून माझं नाव, पाल्य म्हणून तुझं. या खेपेला चष्मा लावून लिहिलंय.